दुपट्याची वरची बाजू

“अस्तर झालं का हो तुमचं?” एलेरीनं फोनवर अगदी सहज विचारलं, आणि थेल्माच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. एलेरी तिची सून. बोलायला गोड, मनात काही न ठेवणारी, आणि सातवा महिना लागल्यापासून वाक्याच्या मधेच जांभई देणारी. “आई विचारत होती,” ती पुढे म्हणाली. “म्हणजे, तिची बाजू तुम्हाला पोचलीच आहे ना? आता तुमचं अस्तर झालं की चौकटीवर चढवता येईल, असं म्हणत होती.” थेल्मा म्हणाली, “होईल गं, होतच आलंय.” मग पाय सुजतात का, जळजळ थांबली का, आपला लेक क्रेग घरात काही हातभार लावतो की नुसता बसून असतो, हे सगळं नेहमीच्या क्रमानं विचारून झालं. सून हसली, तीही हसली, फोन बंद झाला, आणि थेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीशी तशीच उभी राहिली. समोर मागची गल्ली, शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे, वाळत घातलेल्या चादरी, सगळं जिथल्या तिथे होतं. अस्तर! न्यूकॅसलमधली कापडाची सगळी दुकानं पालथी घालून आणलेलं ते लिंबाच्या रंगाचं सॅटीन, धुऊन, इस्त्री करून, दारात नेऊन उजेडात निरखलेलं. त्याला कोणीतरी, तिकडे वेल्सच्या एका खेड्यात, चुलीपुढे पाय शेकत, अस्तर म्हणत होतं.

कल्पना मुळात एलेरीचीच. या नाताळच्या जेवणाला दोन्ही घरची माणसं होती, तेव्हा ती म्हणाली होती, बाळाला एकच दुपटं करू, दोन बाजूंचं, एक बाजू नॅनाची आणि एक मामगीची. नॅना म्हणजे थेल्मा, टाइन नदीच्या काठी आजीला तसंच म्हणतात. मामगी म्हणजे वेल्सकडची आजी, एलेरीची आई मेन्ना. आपल्याकडे हिला विहीणबाई म्हणून मोकळं होता येतं, मान द्यायचा की टोमणा मारायचा हेही त्या एका शब्दात ठरून जातं. थेल्माच्या भाषेत मात्र या नात्याला शब्दच नव्हता, त्यामुळे लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मेन्नाचं काय करायचं हे तिला नीटसं उमगलं नव्हतं. वाढदिवसाला कार्ड जायचं, नाताळात फळांचा केक यायचा. तर ठरलं असं की मेन्ना आपली बाजू शिवून पाठवणार, थेल्मा आपली तयार करणार, मधे लोकरीचा थर, आणि तिन्ही एकत्र धरून वर नक्षीचे टाके घालायचे ते थेल्मानं, कारण कापड ताणायची चौकट तिच्याकडे. सगळ्यांनी वा वा केलं. केननं, म्हणजे थेल्माच्या नवऱ्यानं, त्यावर एक जास्तीचा पेलाही घेतला. पण वरची बाजू कोणाची, हे कोणीच विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हे ज्यांना कळलं असतं अशा टेबलापाशी दोघीच होत्या, आणि दोघींनीही ते गृहीत धरलं होतं.

दोन बाजूंचं म्हटलं तरी अशा कामात दोन्ही बाजू कधी सारख्या नसतात, हे थेल्मा आईच्या मांडीवर शिकली होती. टाका आरपार जातो, म्हणून नक्षी एकच, ती दोन्हीकडून दिसते. पण ती आखायची एकाच बाजूला. चौकटीवर ताणताना ती आखलेली बाजू वर येते, तिथला टाका डोळ्यांदेखत पडतो. खालचा टाका बोटाच्या टोकाला जेवढा कळेल तेवढाच. म्हणजे वरची ती वरचीच, आणि खालची कितीही रेशमी असली तरी शेवटी अस्तर. आता हे एलेरीला कोण सांगणार? आणि सांगून तरी काय, सातव्या महिन्यातल्या पोरीला दोन म्हाताऱ्यांच्या मानपानात ओढायचं?

पुढच्या खोलीत चौकट उभी होती. दोन लांब दांडे, दोन आडव्या पट्ट्या. एवढ्याशा खोलीत ती उभी केली की केनला आपल्या खुर्चीपर्यंत जायला दरवेळी खालून वाकून जावं लागे, आणि तो दरवेळी कण्हत असे. जन्मभर गोदीत जहाजांच्या पोटात रांगून काम केलेला माणूस, पण स्वतःच्या दिवाणखान्यात रांगायची वेळ आली म्हणून तो सगळ्या जगाला सांगत फिरायचा. थेल्मानं मेन्नाचं पार्सल पुन्हा उघडलं आणि कापड चौकटीवर पसरलं. लाल आणि काळ्या फ्लॅनेलच्या पट्ट्या, मधोमध लालभडक चौकोन. जाड, उबदार, मेंढ्यांचा वास अजून न गेलेलं.

“बाळाला आहे ना हे?” केननं खुर्चीतून विचारलं. हॅमचं एक जाडजूड सँडविच त्याच्या पोटावर ठेवलेलं होतं. “मला वाटलं बैलाला.”

“तिकडे असंच करतात.”

“करू देत की. चांगलं आहे. अंधारातसुद्धा सापडेल पोर.”

त्याच वेळी खिडकीतून तिरपा उजेड कापडावर पडला आणि तिला ते दिसलं. आधी वाटलं घडीच्या खुणा असतील. पण घडी काही गोल गोल वळत आत जात नाही. मधल्या लाल चौकोनात, अगदी पुसट, पांढऱ्या खडूनं, शंखासारखी आत आत वळत गेलेली एक मोठी नक्षी आखलेली होती. चारी बाजूंना किनार, आणि प्रत्येक कोपऱ्यावर किनार थांबवून छोटा चौकोन काढलेला. बाईनं नुसतं कापड पाठवलं नव्हतं. नक्षी आखून पाठवली होती. म्हणजे टाके कुठे घालायचे हेही ठरवून दिलं होतं, जसं शिंप्याला माप देतात तसं.

“केन, इकडे ये. हे बघ.”

केन सँडविच सांभाळत उठला, चौकटीखालून कण्हत गेला आणि पलीकडून डोकं वर काढून बघत राहिला. “गोगलगाय,” तो म्हणाला.

“गोगलगाय नाही, त्यांची ती जुनी नक्षी आहे.”

“बरं, जुनी गोगलगाय. मग? तूही तुझं काढलंयस ना?”

काढलं होतं, तेच तर. थेल्माच्या सॅटीनवर निळ्या पेन्सिलीनं, धुतलं की जाईल अशा हलक्या हातानं, पिसांचं गोल कडं काढून तयार होतं, आणि चारी बाजूंनी वेणीची किनार. महिनाभर तिचा जीव त्यात होता. पिसांच्या त्या कड्यासाठी तिनं आईचे जुने साचे काढले होते, बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेले पुठ्ठे, ज्यांच्या मागे अजून अर्धा कोंबडा छापलेला होता. म्हणजे आता एका दुपट्यावर दोन नक्ष्या आखून तयार होत्या, एक वरून, एक खालून, आणि टाके एकीचेच घालता येणार होते. हे असलं शिवणकाम करणाऱ्या दोन बायकांच्याच हातून होऊ शकतं, तिला वाटलं, आणि वाटता वाटता तिला हसू फुटलं. केनही हसला. कशाला ते त्याला कळलं नव्हतं, पण बायको हसली की तो हसत असे. पुष्कळ वर्षं त्यांचं त्यावर निभलं होतं.

मग तो बाहेर गेला आणि थेल्मा एकटी राहिली. तिनं दोन्ही कापडं शेजारी शेजारी टाकली आणि मनातल्या मनात एकीची नक्षी दुसरीवर घालून बघू लागली. पिसं लाल-काळ्या पट्ट्यांवर घातली तर पट्ट्यांच्या गर्दीत हरवून जायची. गोगलगाय सॅटीनवर घातली तर, खरं सांगायचं, वाईट दिसत नव्हती. हे तिला आवडलं नाही. तिनं डोकं तिरकं करून बघितलं, तरी वाईट दिसेना. मग तिला तिसराच मार्ग सुचला. चहाचा कप उपडा घालून त्याच्याभोवती रेघ मारायची, वर्तुळात वर्तुळ अडकवत सबंध कापड भरायचं. याला ना उलटं ना सुलटं, ना न्यूकॅसलचं ना वेल्सचं, कोणाच्याही डोळ्यांवर येणार नाही. तिनं कपाटातून कप आणलासुद्धा. पण एक वर्तुळ कागदावर काढलं आणि तिला त्याचा कंटाळा आला. कोणाला राग येऊ नये म्हणून केलेलं दुपटं बाळाच्या अंगावर घालायचं? राग येऊ नये म्हणून तर ती आणि मेन्ना इतकी वर्षं हवापाण्यावर बोलत आल्या होत्या. सगळीकडे तीच वर्तुळं. तिनं कप विसळून जागेवर ठेवला.

दोरा तर अजून ठरायचाच होता. पिवळा घातला तर लालवर उठून दिसणार, लाल घातला तर सॅटीनवर मुंग्यांची रांग लागल्यासारखा. आणि अंगठा. गेल्या थंडीपासून उजवा अंगठा सकाळी मिटायला नकार देत होता, आणि एवढ्या जाड फ्लॅनेलमधून सुई खाली काढायची म्हणजे खालचा एखादा टाका चुकणार, एखादा लांबणार, हे तिला आत्ताच दिसत होतं. आपली बाजू वर घेतली तर ते चुकार टाके मेन्नाच्या लालवर उमटणार, आणि मेन्ना ते चष्मा लावून बघणार. मेन्नाची वर घेतली तर मेन्नाला आपले सुरेख टाके दिसतील, पण मग आपलं सॅटीन ते अस्तर. थोडक्यात, मान हवा असेल तर माघार घ्यायची आणि माघार नको असेल तर नाक कापून घ्यायचं. थेल्मा खुर्चीत बसली. मोठेपणा दाखवून मेन्नाची बाजू वर घेतली असं उद्या सगळे म्हणतील, आणि खरं कारण असेल अंगठा. हा विचार तिला इतका आवडला की ती बराच वेळ त्यातच रमली.

चौकटीखाली कार्पेटवर उजेडाचा एक तुकडा पडला होता. लहानपणी ती तिथेच बसायची. वर आई आणि मावशी समोरासमोर, मधे कोणाच्या तरी लग्नाची रजई ताणलेली, आणि खाली थेल्मा. वरची बाजू तिला कधी दिसतच नसे. तिच्या डोक्यावर खालचं कापड, आणि त्याला टेकलेलं आईच्या डाव्या हाताचं बोट, टोकाशी खरखरीत झालेलं. सुईचं टोक कापडातून डोकवायचं, बोटाला लागायचं, बोट त्याला परत वर ढकलायचं. वर बायकांच्या गप्पा चालायच्या, कोणाचा नवरा किती प्यायला, कोणाच्या पोरीचे केस किती आखूड. खाली मात्र सगळं शांत असायचं, नुसतं ते टोक आणि ते बोट. एकदा थेल्मानं मजा म्हणून ते बोट धरलं तर आई वरून ओरडली, पण बोट काढून घेतलं नाही. क्षणभर तसंच राहू दिलं. रजई पुरी झाली आणि उलगडून पलंगावर घातली तेव्हा सगळ्या बायका वा म्हणाल्या, आणि थेल्मा रडायला लागली, कारण त्यांनी ती उलटी घातली होती. तिची बाजू गादीकडे गेली होती. आई किती हसली होती तेव्हा.

आणि वेणी. किनारीची वेणी कोपऱ्यावर तुटता कामा नये, हे आईचं. वळणावर पेड जुळत नाहीत म्हणून बायका मधेच थांबतात, दुसरं काहीतरी भरतात. आई तसं करणाऱ्यांकडे बोट दाखवायची. कोपऱ्यावर वेणी तुटली की ज्याच्या अंगावर ते पांघरूण पडणार त्याच्या आयुष्यात खंड पडतो, असं ती म्हणायची. म्हणून ती नेहमी कोपरेच आधी आखायची आणि मग मधल्या वेणीला ताणून किंवा आवळून जुळवून घ्यायची. थेल्माचा यावर विश्वास नव्हता. अजिबात नव्हता. तरी तिनंही कोपरेच आधी आखले होते, आणि मेन्नाच्या खडूची किनार कोपऱ्या-कोपऱ्यावर थांबलेली बघून तिनं केनला जी हाक मारली होती ती काही गोगलगायीमुळे नव्हती. दोन वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत, एलेरीचं एक बाळ पोटातच गेलं होतं. चौथा महिना होता. क्रेगनं फोन केला, दोन वाक्यं बोलला, आणि त्यानंतर त्याबद्दल कोणीही काही बोललं नाही. थेल्माही नाही. मेन्नाशी तर नाहीच, त्या महिन्यातल्या फोनवरही त्या पावसाबद्दलच बोलल्या. आणि आता वेणी तुटू देऊ नका असं म्हणायचं, तर का असं विचारलं जाणार, आणि का ते सांगायचं म्हणजे तोंडातून ते काढावं लागणार. त्यापेक्षा तोंड मिटून स्वतःची बाजू वर घ्यावी आणि विहीणबाईंचा कायमचा राग पत्करावा. तसं केलंही असतं तिनं. राग पत्करायची तिची तयारी होती. पण एलेरीचा तो आवाज, अस्तर झालं का हो, जांभईत बुडालेला, त्या आवाजाला हे दुपटं एका नॅनाचं आणि एका मामगीचं हवं होतं, अर्धं अर्धं नाही, दोघींचं पुरं.

तिनं फोन उचलला आणि विचार बदलायच्या आत नंबर लावला.

“मेन्ना? थेल्मा बोलतेय. न्यूकॅसलहून.”

“काय झालं? एलेरी बरी आहे ना?”

“बरी आहे, बरी आहे. आत्ताच बोललो आम्ही. मी दुपट्यासाठी फोन केला.”

पलीकडून मोठा सुस्कारा आला. “देवा! तुम्ही आधी ते सांगत चला हो. माझं काळीजच बसलं. बोला.”

“तुम्ही त्यावर नक्षी आखून पाठवलीत.”

“मग? तुम्हाला आखायचा त्रास नको म्हणून. वरची बाजू आखलेली असली की बरं.”

“वरची.”

“वरचीच ना?” मेन्ना थांबली. “अगंबाई! तुम्हीही आखलंय की काय?”

“पिसं. आणि वेणी. महिनाभर खपलेय मी.”

मेन्ना हसायला लागली. ती बाई असं हसू शकते हे थेल्माला माहीत नव्हतं. खोकला येईपर्यंत हसली, आणि इकडे थेल्मालाही हसू आवरेना. “म्हणजे दोघींनीही,” मेन्ना म्हणाली, “दोघींनीही दुसरीला खाली घातलं! आणि मी एलेरीला विचारतेय, अस्तर झालं का!”

“ते ऐकलं मी.”

“सांगितलं तिनं? मेली कारटी. रागावलात?”

“हो,” थेल्मा म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं. “चांगलीच रागावले.”

“रागवायलाच हवं. मीही रागावले असते. पण एक सांगते, ती पिसं माझ्या पट्ट्यांवर दिसायची नाहीत. तुम्हाला ठाऊकच असेल.”

“ठाऊक आहे. आणि तुमची गोगलगाय माझ्या सॅटीनवर चांगली दिसते. तेही ठाऊक आहे.”

“गोगलगाय?”

“केन म्हणतो तसं.”

“म्हणू दे. मग झालं तर. नक्षी माझी घाला. तुम्ही मोठ्या मनाच्या आहात हो.”

“मन मोठं नाही, अंगठा दुखतो,” थेल्मा म्हणाली. “पण किनार नाही घालणार तुमची. किनार वेणीचीच.”

“का? चौकोन घातले की कोपरा किती सुबक होतो. माझी आई तसंच घालायची. सगळं गाव तसंच घालतं.”

थेल्मा खिडकीकडे बघत राहिली. गल्लीत कोणीतरी चादरी काढत होतं. “माझी आई म्हणायची,” ती म्हणाली, “की कोपऱ्यावर किनार तुटली तर... म्हातारीचं काहीतरी आहे. मूर्खपणा आहे. ज्याच्या अंगावर जाईल त्याचं आयुष्य मधेच तुटतं म्हणे. मी मानत नाही. पण त्या पानगळीत ते झालं, मेन्ना, आणि मी तुम्हाला तेव्हा पावसाबद्दल विचारलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.”

 थेल्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तोडू नकोस,” मेन्ना म्हणाली. आवाज अगदी जवळून आला. “कुठेही तोडू नकोस. चौकोन पुसून टाक माझे. खडू आहे, झटकला की जातो.”

“तुझ्या बाजूनं वेणी उलट वळलेली दिसेल.”

“वळू दे की. तुटायची नाही ना?”

“नाही.”

“मग वळू दे.” मेन्नानं नाक ओढलं, जोरात, लपवायचा प्रयत्न न करता. “असं करू. किनार तुझी बाजू वर घेऊन शीव, तुझी आखलेलीच आहे. मग उलटं कर आणि मधलं माझ्या बाजूनं शीव. पुन्हा काही आखायला नको, आणि कोणी कोणाचं अस्तर नको. चालेल का असं? तुमच्यात चालतं का?”

“आमच्यात असं कोणी केलेलं नाही.”

“आमच्यातही नाही. आईनं बघितलं असतं तर झोडपलं असतं मला. पिवळा दोरा घाल.”

“पिवळा लालवर भडक दिसेल.”

“दिसू दे, लाल काय कमी भडक आहे?”

बाहेरून दार वाजलं. केन परत आला होता. चौकटीखालून कण्हत जाताना त्यानं भुवया उंचावून कोण म्हणून विचारलं, आणि थेल्मानं त्याला हातानं गप्प केलं. मेन्ना स्वतःच इकडे यायचं म्हणत होती, गाड्यांचं काहीतरी बोलत होती. एकदा कार्डिफला बदलायची, मग पुन्हा कुठेतरी बदलायची. तिची बहीण म्हणे त्यात एकदा चुकून भलतीकडेच पोचली होती. पुढच्या आठवड्यात जमेल म्हणे. झोपायला कुठेही चालेल, कोचावरसुद्धा. आणि येताना लोणी आणू का, तिकडचं लोणी कसलं असतं देव जाणे.

“आण,” थेल्मा म्हणाली. “कोच नको. क्रेगची खोली रिकामी आहे.”

“आणि थेल्मा.”

“हं?”

“बाकी सगळं शिवून घे तू. मी काही तुझ्यासारखी टाके घालणारी नाही, मला फक्त पट्ट्या जोडता येतात. पण ते चार कोपरे मी येईपर्यंत ठेव. तू घालशील तेव्हा मी समोर बसेन. मला ते डोळ्यांनी बघायचंय.”